कानाचं झालं, आता नाकाचं

नारळाएवढा कोकचा तुकडा मिस्त्री दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलत, डोळे मिटत आणि सोडून देत. खाली कारखान्याच्या दाराशी एक काळा दगड पुरलेला होता. तुकडा त्यावर पडला की मिस्त्री मान तिरकी करून ऐकत. खणखणीत आवाज आला आणि तुकड्याचे फार तर दोन झाले, तर ते डोळे न उघडताच म्हणत, "कानाचं झालं. आता नाकाचं."

त्या 'आता नाकाचं'ला मी जेवढा भ्यालो तेवढा रेल्वेच्या बाबूंना भ्यालो नाही, दलालांना भ्यालो नाही. आणि मी भिणारा माणूस नाही, हे यवतमाळच्या बाजारात कोणीही सांगेल. भांडकुदळ आहे, हेही सांगेल. ते खरं आहे. म्हणूनच मिस्त्रींविरुद्ध माझी एक तक्रार आहे, आणि ती अजून मिटलेली नाही. ज्या एका गोष्टीवरून त्यांनी माझ्याशी कडाडून भांडायला हवं होतं, तिच्यावरून ते भांडले नाहीत.

आमचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. वडिलांनी तांड्याजवळ कोरडवाहू जमीन धरली. मला ढेकळांत मन लागेना. मी स्टेशनवर गाडी हाकली, मग दोन गाड्या केल्या, मग स्टेशनच्या मागे कोळशाची टाल टाकली. दगडी कोळसा कोणीही विकत होता. कोक मात्र आमच्या भागात मीच आणत होतो. कोक म्हणजे कोळसा बंद भट्टीत भाजून, त्यातला धूर नि डांबर काढून उरलेला गाभा. लोक विचारायचे, "आपल्या वणीकडं कोयसा निघते, मंग झरियाहून कायले आनता?" वणीचा कोळसा शेगडीला, इंजिनाला ठीक. पण भाजला की त्याचा भुगा होतो. कोक व्हायला कोळशाची जात वेगळी लागते.

झरियाचा कोक मोठ्या गाडीतून मूर्तिजापूरला यायचा. तिथे तो फावड्यांनी मोठ्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या वाघिणीत टाकायचे. ते टाकणं तुम्ही एकदा पाहायला हवं होतं. झरियाहून नारळाएवढा निघालेला माल यवतमाळला पोचेपर्यंत अर्धा पेरूएवढा व्हायचा आणि तळाशी नुसती रेती. त्यातला मोठा ओतकामाच्या कारखान्याला, बारीक लोहारांना आणि कासारांना, चुरा वीटभट्टीला, असा मी वाटून टाकत असे. भाव मोठ्यालाच होता. आणि मोठा घेणारा कारखाना एकच होता. त्याच्या भट्टीवर हे मिस्त्री होते.

कारखान्यात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, उसाच्या चरकाचे रूळ, विहिरीवरची चाकं, कापसाच्या जिनांचे भाग ओतायचे. पहिल्यांदा मी दोन गाड्या भरून पाठवल्या आणि मागोमाग स्वतः गेलो. बघतो तर मिस्त्री उकिडवे बसून माझा माल निवडत होते. बारीक अंगाचा, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला माणूस. भिवया ठिणग्यांनी जळून अर्ध्याच राहिलेल्या. एक तुकडा उजवीकडे, एक डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत चालला होता.

"हा कायले काढला?" मी विचारलं.

"वाजत नाही."

"कोक हाये मिस्त्री, तबला नाही."

"भट्टीत याच्यावर मनावारी बीड चढनार हाये, शेट. तबल्यावर कोनी बसत नाही."

मी आवाज चढवला. झरियाचा माल आहे, वाघिणीवर शिक्का आहे, तुमच्या बापानं असा कोक पाहिला नसेल. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "बापानं नाही पाहिला. म्हनून मी पाहून राह्यलो." आणि पुढचा तुकडा उचलला.

एक गाडीभर माल परत निघाला. त्यांची पद्धतच तशी होती. नापास माल कारखान्यात एक घटकाही ठेवायचा नाही. आणि परतीचा रस्ता भर बाजारातून. माझा गाडीवान शंकर पुढे, कोकची गाडी, मागे मी. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला ओरडला, "काहून शेट, कोक मामाच्या गावाले गेल्ता काय?" पुढची कित्येक वर्षं तो हेच विचारत राहिला आणि दर वेळी लोक नव्यानं हसत राहिले.

मी हार मानणारा नव्हतो. मोठे तुकडे वर रचून गाडी पाठवली, तर मिस्त्रींनी गाडीची मागची फळी काढून निवड तळापासून सुरू केली. एकदा पाऊस नसताना माझा माल ओला निघाला. कसा, ते विचारू नका. ओल्या कोकचं वजन चांगलं भरतं. मिस्त्रींनी एक घमेलं मोजून घेतलं, साचे वाळवायच्या भट्टीजवळ दोन दिवस ठेवलं, पुन्हा मोजलं आणि शंकरजवळ निरोप दिला, "शेटले सांगजो, पानी आमच्या विहिरीले हाये."

त्या दिवशी मी टालीतल्या टालीत इतक्या येरझाऱ्या घातल्या की बायको म्हणाली, "बसत काहून नाही? मुंग्या चावून राह्यल्या का?"

एका दुपारी मी चिडूनच विचारलं, "कान समजलं. हे नाक काय हाये?"

मिस्त्रींना राग येण्याऐवजी आनंद झाला. कोणी तरी विचारावं म्हणून ते जणू वाट बघत होते. लोहारकामाच्या शेगडीत त्यांनी दोन तुकडे टाकले, लाल होऊ दिले. पाण्याची बादली ओढली. चिमट्यानं एक उचलून पाण्यात बुडवला. चर्र झालं, वाफ उठली आणि मिस्त्रींनी त्या वाफेत तोंड घातलं.

"या."

मी वाकलो.

"डोये मिटा. उघड्या डोयानं वास अर्धाच येते."

मिटले. वाफ होती, राखेचा वास होता, बाकी काही नाही. त्यांनी दुसरा तुकडा बुडवला. आधी आगकाडीसारखं काही तरी नाकात टोचलं, मागून सडक्या अंड्याची घाण आली. मी मागे सरलो. मिस्त्री हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते.

"गंधक. कोकातलं गंधक बिडात उतरते. मंग ते बीड दिसाले चांगलं, पन कानस चालत नाही आनि हातोडा लागला का तुटते. कोक मऊ असला तं भट्टी रुसते, राख जास्त असली तं मळी होते, ते सारं निभावून नेता येते. गंधक नाही निभत, शेट. आनि ते डोयाले दिसत नाही, कानाले आयकू येत नाही."

त्यानंतर मी नवी वाघीण आली की घरच्या शेगडीवर गुपचूप वास घेऊन बघू लागलो. मिस्त्रींना कधी सांगितलं नाही. त्यांना कशाला खूश करायचं!

छप्पनच्या दसऱ्याला मिस्त्री नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. घरातले देव त्यांनी नदीत सोडले. कारखान्यात दर मोठ्या ओतकामाआधी भट्टीसमोर नारळ फुटत असे, आणि जो भट्टी पेटवतो त्यानंच तो फोडायचा, दुसऱ्याचा चालत नाही, अशी तिथली रीत होती. पुढच्या वेळी साचे बनवणारा बळीराम ताट घेऊन आला. मिस्त्री म्हणाले, "मी तिकडं शब्द देऊन आलो, बळीराम. आता माह्या हातून हे होनार नाही."

"मंग भट्टी?"

"भट्टी कोकावर चालते."

मालक व्यवहारी माणूस. बीड पातळ येतंय ना, मग झालं, असं त्याचं म्हणणं. बळीराम ताट घेऊन परत गेला. दोन वर्षं नारळाशिवाय भट्टी पेटत राहिली, चाकं बाहेर पडत राहिली, कोणी काही बोललं नाही. मनात ठेवलं एवढंच.

आता त्या वाघिणीचं सांगतो.

नागपूरच्या एका दलालाचा निरोप आला की एक वाघीण माल पडून आहे, झरियाचा नाही, पण दिसायला त्याहून देखणा. घासाघीस करण्याआधीच त्यानं भाव उतरवला. तिथेच मी थांबायला हवं होतं, पण स्वस्त माल दिसला की माझे हात शिवशिवतात. माल आला. खरोखर देखणा. चांदीसारखी झाक, मोठमोठे तुकडे. मी घरच्या शेगडीत एक लाल केला, बादलीत बुडवला, डोळे मिटून वाकलो. सडक्या अंड्याचा वास इतका आला की आमची याडी, म्हणजे आई, आतून ओरडली, "काय जायून राह्यलं रे?"

तो माल पंधरा दिवस टालीत पडून राहिला. लोहार आणि हॉटेलवाले मिळून एवढा मोठा कोक फोडून घेणार किती? मी रोज त्याच्याभोवती फिरत होतो. जेवताना मध्येच उठून बघून येत होतो. दिवाळी जवळ आली होती. कळंबकडच्या एका जिनाचं मोठं दात्यांचं चाक तुटलं होतं, कापसाच्या गाड्या आवारात येऊन उभ्या राहू लागल्या होत्या, आणि ते चाक आमच्या कारखान्यात ओतायचं होतं. मालकाचा माणूस रोज येऊन विचारायचा, "शेट, कोक?" चांगली वाघीण वाटेत होती, पण मूर्तिजापूरच्या अलीकडे आली नव्हती.

एका सकाळी शंकर कारखान्यावरून आला आणि बैल सोडता सोडता सहज म्हणाला, "मिस्त्रीले लय सर्दी झाली, शेट. आवाज बसला. चहाचीबी चव लागत नाही म्हनते."

मी उठून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. म्हणालो, "बैल सोडू नको. भर."

घटकाभरात दोन गाड्या निघाल्या. मी पुढच्या गाडीवर होतो.

मिस्त्री गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले होते. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. त्यांनी डोळ्यांनी माल पाहिला, बोटांनी चाचपला. दगडावर तुकडा टाकला. मंदिरातल्या घंटेसारखा वाजला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. बसलेल्या आवाजात म्हणाले, "कानाचं झालं, शेट. लय दिसानं असा माल आनला तुमी. आता नाकाचं."

शेगडीत तुकडा लाल झाला. बादलीत गेला. मिस्त्री वाफेवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मी शेजारी उभा होतो आणि उभ्या उभ्या मला तो वास येत होता. बळीराम पलीकडच्या कोपऱ्यात साच्याची वाळू थापत होता, तो लांब होता. मिस्त्री सरळ झाले, टॉवेलानं नाक पुसलं, पुन्हा वाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"काही समजत नाही. नाक बंद हाये. शेट, तुमी पाहा बरं. तुमाले येते आता."

हे मी धरून चाललो नव्हतो. नाक बंद आहे तर नाकाची परीक्षा ते सोडून देतील, घाई आहे, मालक मागे लागलेला आहे, एवढाच माझा हिशेब होता. त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाचं नाक मागितलं असेल असं मला वाटत नाही.

मी वाकलो. वाकून त्यांच्याकडेच बघत होतो.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

"मंग घ्या उतरवून."

एकही तुकडा परत आला नाही. दोन्ही गाड्या रिकाम्या घेऊन आम्ही भर बाजारातून आलो. पानठेलेवाला बघतच राहिला. "शेट! आज रिकामी?" मी गाडीवर उभा राहून त्याच्याकडे हात केला. रिकामी गाडी इतकी मिरवलेली त्या बाजारानं पाहिली नसेल.

चाक ओतायच्या दिवशी मला टालीत थांबवेना. जाऊन उभा राहिलो. मिस्त्रींचा आवाज पूर्ण गेला होता, ते हातांनी खुणा करून काम चालवत होते. भट्टी तापली. खालचं तोंड फोडलं आणि बिडाची धार निघाली. मिस्त्री धारेकडे एकटक बघत होते. मला त्यातलं कळत नाही, पण त्यांच्या अर्ध्या भिवया जवळ आल्या, ते मी पाहिलं. धार जड होती. तरी त्यांनी थांबवलं नाही. तापल्या बिडानं भरलेली बादली आणि तयार साचा यांच्यामध्ये थांबायला जागा नसते. चाक ओतलं गेलं.

दोन दिवसांनी वाळू फोडून चाक बाहेर काढलं. दिसायला देखणं. बळीरामनं दात्यावर कानस धरली, ती काचेवरून सरकावी तशी सरकली. कडेचं वाढलेलं बीड उडवायला त्यानं हातोडा मारला आणि कडेऐवजी एक अख्खा दाता तुटून खाली पडला.

मला बोलावणं आलं तेव्हा सगळे चाकाभोवती उभे होते. मालक होता, बळीराम होता, इतर कामगार होते. मिस्त्री तुटलेला दाता हातात घेऊन बसले होते. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी पांढरी चमकत होती. चांगलं बीड आतून करडं असतं.

बळीराम म्हणाला, "मी म्हनलं नव्हतं काय? भट्टीले दोन वर्सं उपाशी ठेवलं. कदी ना कदी ते घास घेनारच."

"बराबर हाये," मागून कोणी तरी म्हणालं.

मालक घाबरलेला होता. कळंबचा जीनवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. तो मिस्त्रींना म्हणाला, "एक नारय, मिस्त्री. माह्या शब्दाखातर. लोकाइचं समाधान होईल, पुन्हा भट्टी लावू."

"नाही फोडला तं?"

"नाही तं मले दुसरा मानूस पाहा लागन."

मिस्त्रींनी तो दाता सगळ्यांना दिसेल असा धरला. आवाज थोडा फुटला होता. म्हणाले, "हे गंधकानं होते. नारय फोडून गंधक जात नाही. कोक खराब होता."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मालकानं विचारलं, "शेटचा?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित खरं बोललोही असतो. पण मिस्त्री आधी बोलले.

"माल शेटचा. पास मी केला. नाक बंद होतं, तवा भट्टी चार रोज थांबवाची होती. थांबवली नाही. चूक माही."

"बोला शेट," मालक म्हणाला.

मी म्हणालो, "माल मी दाखवूनच दिला होता."

मिस्त्रींनी मान हलवली. "दाखवूनच दिला," म्हणाले.

माझं नाव घेतलं असतं तर ते वाचले असते. नारळ फोडला असता तरी वाचले असते. वर माझं वाक्य त्यांनी उचलून धरलं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी उठून माझी गचांडी धरावी. उत्तरं माझ्याकडे तयार होती. नाक तुमचं, परीक्षा तुमची, मी व्यापारी माणूस, मला काय विचारता? रात्रंदिवस घोकलेली उत्तरं. त्यांतलं एकही कोणी मागितलं नाही. अजून माझ्याकडे तशीच पडून आहेत.

"चाक मी पुन्हा ओतून देतो," मिस्त्री मालकाला म्हणाले. "मंग तुमी मानूस पाहा."

"कोक कुठून आनता आता?"

मिस्त्री कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथे पोत्यांनी झाकलेला एक ढीग होता. पोती काढली. एकेक तुकडा जणू पारखून ठेवलेला. दोन वर्षांत आलेल्या प्रत्येक गाडीतले सगळ्यांत चांगले चार-चार, पाच-पाच तुकडे त्यांनी अडचणीच्या वेळेसाठी बाजूला काढून ठेवले होते.

तो सगळा कोक माझाच होता. माझ्या गाड्यांमधला. माझ्या मालात झाकून ठेवण्याजोगं काही असतं, हे दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं. परत पाठवलेलं तेवढं साऱ्या बाजाराला दिसलं.

चाक पुन्हा ओतलं. नारळ नाही, काही नाही. या वेळी धार पाण्यासारखी आली. चाकावर कानस धरली तशी ती चरचरत चालली आणि करडा भुगा खाली सांडला. चाक कळंबला गेलं, जीन सुरू झाला. मालकानं मिस्त्रींचा हिशेब चुकता केला. बळीरामच मिस्त्रींच्या मागे दारापर्यंत गेला. "थांबा ना," म्हणाला. "तोंडातून निघून गेलं, मिस्त्री." मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला चिमटा उचलून निघाले.

ते जाणार असल्याचं शंकरनंच सांगितलं. पूर्वेकडे नवा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तिकडे माणसं घेत होते. मी स्टेशनवर गेलो. छोटी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. फलाटावर मिस्त्री उभे होते. त्यांची बायको ट्रंकेवर बसली होती, तिनं मला पाहिलं आणि पाठ फिरवली. तिला ठाऊक असावं.

मी आधी फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. मग जवळ गेलो.

"सर्दी गेली का?"

"गेली."

"तिकडं कोक लय लागत असन."

"मालगाडीनं लागते म्हनते. रोज."

"मंग वास कोन घेते एवढ्याचा?"

"तिकडं परयोगशाळा हाये. काचेच्या नळीत पाहाते गंधक."

"मंग तुमचं काय काम?"

मिस्त्री हसले. दोन दातांची ती फट दिसली. "पाहू," म्हणाले.

गाडीचा धूर दिसू लागला. माझ्यानं राहवेना. "मिस्त्री, मले बोला काही."

"कायले?"

"कायले म्हंजे? तुमाले माहीत हाये कायले. द्या दोन शिव्या. एवढे लोक हायेत, त्याइच्या समोर द्या."

त्यांनी ट्रंक उचलली, बायकोला चढवलं. स्वतः पायरीवर पाय ठेवून थांबले आणि मला काही शिकवायचं राहून गेल्यासारखे म्हणाले,

"शेट, त्या दिवशी वाफेवर वाकले तवा तुमी डोये मिटले नाही. माह्याकडं पाहून राह्यले होते. मले ते मांगून ध्यानात आलं." दांडा धरून वर चढता चढता म्हणाले, "पुढच्या टायमाले मिटून घेजा. वास नीट येते."

गाडी निघाली. सांगा, यावर भांडता येतं का? मी फलाटावर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिलो, स्टेशनमास्तर बाहेर येऊन "कोनाची वाट पाहाता, शेट?" असं विचारेपर्यंत.

त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. मालकाकडून मी तो दाराशी पुरलेला दगड मागितला. त्यानं फुकट दिला. घासाघीसही करू दिली नाही. दगड आता माझ्या टालीत आहे. कारखान्यात नवा मिस्त्री आला, तो नारळ फोडतो आणि कोक न बघता घेतो. माझ्या गाड्या आता परत येत नाहीत. बाजारातून जाताना पानठेलेवाला काही विचारत नाही. म्हणून माझा माल मीच नापास करायला बसतो. कान दगडावर, नाक बादलीवर. डोळे मिटून.

आज सकाळपासून मला सर्दी आहे. स्टेशनवर वाघीण आली आहे आणि ती उभी राहील तितका रेल्वेचा दंड वाढत जाणार आहे. शंकर आता म्हातारा झाला आहे, पण गाडी तोच हाकतो. त्यानं वाघिणीतले दोन तुकडे आणले, दगडावर टाकले, चांगले वाजले. मग मीच त्याला एक तुकडा शेगडीत लाल करायला लावला.

चर्र झालं. वाफ उठली. माझ्या नाकाला काही समजलं नाही.

"शंकर, पाह्य बरं वास."

शंकर वाकला. वाफेतून त्याचे डोळे माझ्याकडे लागलेले होते, मला काय ऐकायला आवडेल ते शोधत.

"नाही, शेट," तो म्हणाला. "काही नाही."

मी त्याला बादली ओतून टाकायला सांगितलं. वाघीण उभी राहू दे. माझं नाक उघडेपर्यंत.